लळा आणि बाजार



आजचं चिंतन : महाभारत, वनपर्व, धर्मव्याधाची कथा.

भाताची कापणी झाली, खाचरं मोकळी झाली की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाळ्याआधी परत वर जातात. आमच्या नावड्यात एकीकडे सिडकोच्या इमारती, दुसरीकडे तळोजा एमआयडीसी. पण पनवेल तालुक्यात जरा आत गेलं की शेतात उतरलेला वाडा अजून दिसतो. घोड्यावर लादून आणलेला संसार, तीन दगडांची चूल, जाळीच्या कुंपणात मेंढरं, सोबत दोन-चार शेळ्या. शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतो, कारण लेंडीखत मिळतं. बदल्यात धान्य नाहीतर पैसे देतो.

अशाच एका वाड्यावर एक मावशी आई नसलेल्या कोकराला मांडीवर घेऊन शेळीचं दूध पाजत होत्या. मी विचारलं, "मोठं झाल्यावर याचं काय?" त्या म्हणाल्या, "इकायचं. लोकरीला आता कोण इचारतंय? पोरांची शाळा ह्याच्यावरच हाय. इकल्या दिवशी घास उतरत न्हाई, पर इकावं लागतंय."

सत्संगातल्या एका मित्राला हे सांगितलं. तो लगेच म्हणाला, "मग ते प्रेम खोटंच ना!"

खोटं आहे का? इथेच धर्मव्याध आठवतो. तपाच्या बळाने पक्षिणीला भस्म करणारा कौशिक ब्राह्मण धर्म शिकायला मिथिलेला जातो, तर गुरू भेटतो मांसाच्या दुकानात! हा व्याध स्वतः शिकार करत नाही, मांस खात नाही, आईवडिलांची सेवा करतो. तो कौशिकाला सांगतो की नांगर चालला की जमिनीतले जीव मरतात. पूर्ण अहिंसा कुणाच्याच जगण्यात नाही.

पण पुढचा भाग आपण बऱ्याचदा विसरतो. व्याध आपलं काम चांगलं आहे असं म्हणत नाही. ते घोर आहे, हे तो स्वतःच कबूल करतो. म्हणजे "सगळीकडेच हिंसा आहे, मग काय फरक पडतो?" ही पळवाट तो घेत नाही. आणि "मी मारत नाही, म्हणून मी स्वच्छ" ही पळवाट तो कौशिकालाही देत नाही.

आपण मात्र ही दुसरी वाट सहज धरतो. मी शाकाहारी आहे आणि राहणार. पण माझ्या नैवेद्यातल्या दुधासाठी गाय-म्हैस व्यायलेली असते. झालेल्या नर वासराचं, रेडकाचं पुढे काय होतं, हे आपण डेअरीत विचारत नाही. लेंडीखतावर पिकलेला तांदूळही आपल्याच ताटात येतो. साखळी लांब आहे, एवढंच. आपण शेवटच्या टोकाला असल्यामुळे आपल्याला घास गिळताना त्रास होत नाही. मावशींना होतो.

आता कुणी म्हणेल, त्यांच्या त्रासाचा त्या कोकराला काय उपयोग? प्रश्न रास्त आहे. बाजारात नेलेल्या जिवाला मालकाच्या डोळ्यांतल्या पाण्याने काहीच मिळत नाही. पण त्याआधीचे सगळे दिवस? दूध पाजणं, लंगडणाऱ्याला खांद्यावर घेणं, रात्री लांडग्या-कुत्र्यांसाठी जागणं, हे त्या कोकराला खरोखर मिळालेलं असतं. लळ्याने विक्रीचा दोष पुसला जात नाही आणि विक्रीमुळे लळा खोटा ठरत नाही. दोन्ही एकाच घरात, एकाच हातांत राहतात. मला वाटतं, त्या दोन्हीकडे बघत राहणं हीच त्या मावशींची साधना आहे. दोष दिसेनासा झाला की माणूस निर्दयी होतो. फक्त दुसऱ्याचाच दिसायला लागला की अहंकारी. कौशिकाला मिथिलेला जावं लागलं ते या अहंकारामुळेच.

आणि देवाला हे लोक परके नाहीत. आपल्या खंडोबाची बाणाई धनगराचीच लेक. तुकोबांच्या पालखीपुढे काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, तेव्हा आपण हात जोडतोच. मग तीच मेंढरं हायवेवर आडवी आली की हॉर्न का वाजवतो?

आजचा संकल्प छोटासा : ताटातला एक पदार्थ निवडा आणि तो आपल्यापर्यंत येताना कुणी काय सोसलं, ते शोधा. उत्तर नकोसं वाटलं तरी नजर वळवू नका. त्यानंतर काय सोडायचं, काय ठेवायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

राम कृष्ण हरी!