सामायिक कुरण : एक अमानत

पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत सर्व मुस्लिम भागीदार आहेत, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली. अबू दाऊद यांच्या संग्रहातील ही हदीस पाण्याच्या संदर्भात आपण ऐकतो. चाऱ्याचा, म्हणजे गावाच्या सामायिक कुरणाचा विचार मात्र क्वचितच करतो.

बंधू-भगिनींनो, आपल्याच अमरावती जिल्ह्यात मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर हे लहानसे गाव आहे. वनहक्क कायद्यान्वये २०१२ साली ग्रामस्थांना १९२ हेक्टर उजाड वनजमिनीवर सामूहिक हक्क मिळाला. त्यांनी श्रमदानाने ती पुन्हा हिरवी केली. २०१४ साली गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला.

कुठलेही रान राखणे कष्टाचे असते. गाजरगवत फुलण्याआधी मुळासकट उपटावे लागते. पवन्या, कुसळी यांसारखी गवते आणि तेरड्यासारखी रानफुले यांचे बी जमिनीवर पडेपर्यंत विळा आवरावा लागतो. या कष्टाची मजुरी मिळत नाही. परंतु मुस्लिमाने लावलेल्या रोपातून माणसाने, पक्ष्याने वा जनावराने काही खाल्ले, तर तो त्याच्यासाठी सदका ठरतो, असे हदीसमध्ये आले आहे.

तथापि येथे न्यायाचा एक प्रश्न उभा राहतो. रान वाचवण्यासाठी चराई बंद केली, तर ज्याच्याजवळ दोन शेळ्यांखेरीज काही नाही त्याने कोठे जावे? खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी राखीव कुरणावर हुनय यांना नेमताना याचे उत्तर दिले होते. थोडी जनावरे असलेल्यांना आत येऊ द्यावे, पीडिताच्या बद्दुआपासून सावध राहावे आणि श्रीमंतांचे कळप बाहेर ठेवावेत, अशी त्यांची ताकीद होती. श्रीमंतांची जनावरे मेली तरी त्यांना शेती व खजुरांच्या बागा होत्या; गरिबाला दुसरा आधार नव्हता. बुखारी यांच्या संग्रहात ही घटना नमूद आहे.

म्हणून आपल्या गावी गायरान राखण्याची बैठक होईल, तेव्हा आपल्या तरुणांनी श्रमदानात सर्वांच्या खांद्याला खांदा लावावा. शिवाय, शेळ्यांवर घर चालवणाऱ्या विधवेला, ती कोणत्याही धर्माची असो, बैठकीला बोलावण्याचा आग्रह धरावा. कापलेल्या चाऱ्यात पहिला वाटा तिचा असावा.

अल्लाह आपणांस ही अमानत न्यायाने सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.