परावलंबनाचा पुरावा

कराडला लागून असलेल्या मलकापुरात कृष्णा रुग्णालय आहे, आणि चोवीस तास पाणी देणाऱ्या नळयोजनेमुळे या गावाचं देशभर नाव झालं. म्हातारपण काढायला गाव चांगलं. पण इथल्या एखाद्या आईला ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मुलाकडे कायमचं राहायला जायचं असेल, तर नेमक्या याच सोयी आड येऊ शकतात.

९ जुलै २०१२ पासून ब्रिटनचा नियम कडक झाला. वय, आजार किंवा अपंगत्वामुळे आंघोळ, कपडे घालणं, स्वयंपाक अशी रोजची कामं आईला मदतीशिवाय जमत नसली पाहिजेत. एवढ्यावर भागत नाही. मुलाने पैसे पाठवूनही तशी देखभाल तिच्या देशात मिळत नाही किंवा परवडत नाही, हेही दाखवावं लागतं. तिकडे नेल्यावर मात्र सरकारी पैशाला हात न लावता तिला सांभाळण्याची हमी मुलानेच द्यायची. म्हणजे दरमहा पैसे पाठवणाऱ्या, दिवसरात्र तिच्या देखभालीला बाई ठेवणाऱ्या मुलाचा अर्ज त्याच कर्तव्यामुळे लंगडा पडतो.

मग अवलंबून असणं म्हणजे काय? शरीराला लागणारी मदत, की विशिष्ट माणसाची गरज?

आपला कायदाही गरजच मोजतो. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीच्या खटल्यात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलीवरही वडिलांच्या पोटगीची जबाबदारी असल्याचं मान्य केलं. पण वडील स्वतःचा निर्वाह करू शकत नसले पाहिजेत, ही अट होतीच. धर्माची भाषा निराळी. पुंडलिकाने दारी आलेल्या देवाला विटेवर थांबवलं, ते आईवडिलांच्या सेवेत खंड पडू नये म्हणून. ती सेवा दुसऱ्या कुणाकडून करून घेता आली असती का, हा प्रश्न त्या कथेत उठतच नाही. मुलाची जागा पगारी माणूस घेऊ शकतो, असं वारकऱ्याला कधी वाटलेलं नाही.

ब्रिटन सरकारची बाजूही खोटी नाही. वृद्धांच्या उपचारांचा भार करदात्यांवर पडतो, आणि ब्रिटनच्या अपील न्यायालयाने मे २०१७ मध्ये हे नियम वैध ठरवले. पण त्याच निकालात एक फट आहे: देखभाल घेणाऱ्याच्या दृष्टीनेही पुरेशी हवी, आणि वैद्यकीय पुरावा असेल तर त्याची भावनिक, मानसिक गरजही विचारात घ्यावी. युरोपीय संघाचं न्यायालय २०१४ सालीच याहून पुढे गेलं होतं. अवलंबित्व खरं असलं की पुरे. ते का आलं, हे विचारायचं नाही. अमेरिकेत तर एकवीस वर्षांवरच्या नागरिकाला आईवडिलांसाठी अर्ज करताना त्यांचं परावलंबन सिद्धच करावं लागत नाही.

ब्रिटनसाठी मात्र कागद लागतात, आणि खरी अडचण तिथेच येते. जन्मभर ‘माझं मी करते’ म्हणणारी बाई डॉक्टरांनाही ‘बरं आहे’ एवढंच सांगते, आणि केसपेपरवर तेच उतरतं. वाढवून सांगणं अधर्म आहे. पण रात्री ती घाबरून उठते, गोळ्या घेतल्या की नाही ते विसरते, अनोळखी बाईच्या हातून आंघोळ करून घ्यायला लाजते, हे सगळं खरं असतं. डॉक्टरांनी ते मुलाच्या फोनची वाट न पाहता, तिच्याजवळ बसून विचारायला हवं.