चढलें म्हणजे बसलें काय?

एखादें काम 'झालें' असें केव्हां म्हणावें, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांपेक्षां कारखान्यांतच अधिक रोखठोकपणें पुढें येतो. ५० मिलिमीटर भोकाचें बेअरिंग शाफ्टवर बसवावयाचें आहे. तें घट्ट बसावें म्हणून शाफ्ट ठरल्या मापाहून किंचित् जाड ठेवितात. साधारण कामांत ही जाडी मिलिमीटरच्या सुमारें एका शतांशापर्यंत चालते. येथें ती तीन शतांश भरली. डोळ्यांस हा फरक दिसत नाहीं. मायक्रोमीटर लावणारासच तो ठाऊक!

अशा वेळीं एक सोपी वाट असते. बेअरिंग तेलांत ८० अंशांनीं तापविलें कीं पोलाद फुगतें व भोंक जवळजवळ पांच शतांशांनीं मोठें होतें. बेअरिंग अलगद चढतें आणि निवल्यावर असें घट्ट धरतें कीं पाहणारानें वाहवा म्हणावी. परंतु शाफ्ट आंतून रेटीत असल्यामुळें आंतलें कडें ताणलेलेंच राहतें. पोलादी गोळ्यांस फिरावयास ठेवलेली मोकळीक मुळांतच एक-दोन शतांशांची. ती नाहींशी होते. गोळ्या चेपून फिरतात, बेअरिंग तापतें, आणि केव्हां तरी फुटतें. त्या दिवशीं दोष कोणास लागतो? शाफ्ट जाड ठेवणारास नव्हे, बेअरिंग चढविणारासही नव्हे. तेल घालणाऱ्या गड्यास!

मिस्त्री खोटें कोठें बोलला, असें कोणी विचारील. 'चढलें' म्हणाला, आणि तें चढलेंच होतें. मला हा युक्तिवाद पटत नाहीं. ज्यानें मोजलें नाहीं त्यास अज्ञानाचा तरी आधार आहे. ज्यानें मोजलें त्याचें मौन म्हणजे दुसऱ्याच्या नांवावर काढलेलें कर्जच. त्याची अडचण मात्र खरी आहे. एमरी कापडानें हातीं घासावें तर शाफ्टचा गोलपणा बिघडतो. उतरवून ग्राइंडिंगच्या यंत्रावर न्यावा तर काम खोळंबतें आणि मालक दारांत उभा.

माझ्या परिचयाच्या एका वृद्ध मिस्त्रीस मीं हें विचारलें. तो म्हणाला, "साहेब, एकदां मीं चढवलें होतें. तेलवाल्याचा दोन दिवसांचा पगार कापला गेला. तेव्हांपासून माप आधीं फळ्यावर खडूनें लिहितों, मग बेअरिंगला हात लावतों."