बुडविलेली खते आणि जाळलेली खते

पंढरीच्या वाळवंटात लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. तेथे 'तुझी जमीन किती?' असे कोणी विचारीत नाही. विटेवरचा देव समचरण उभा आहे. श्रीमंतासाठी एक पाय पुढे आणि गरिबासाठी मागे, असे त्याने केलेले नाही. परंतु द्वादशीचे पारणे सुटले, माणसे गावी परतली, की त्याच दोघांपैकी एक सावकार होतो आणि दुसरा देणेकरी. वाळवंटातली समता गावच्या वेशीपाशी का बरे थांबते? याचा थोडा विचार करू.

श्रीमंत आणि गरीब यांतले अंतर केवळ तिजोरीतल्या पैशाचे नसते. पुष्कळदा ते कागदाचे असते. एकाच्या पेटीत दुसऱ्याच्या उद्याच्या घामावर हक्क सांगणारे खत पडलेले असते. हिशेबच पहा ना. महिना शेकडा ५ रुपये व्याजाने कोणी १० हजार रुपये काढले, तर महिन्याला ५०० रुपये व्याजाचेच झाले. २० महिन्यांत १० हजार भरूनही मुद्दल जागच्या जागी! धनको निजला तरी त्याचे व्याज जागे असते, आणि देणेकरी रात्रंदिवस राबला तरी त्याचे नशीब निजलेलेच.

आता तुकोबारायांकडे पहा. घर देहूच्या महाजनाचे, वाण्याचे दुकान, वडिलोपार्जित सावकारी. १६३० साली पाऊस गेला आणि थोर दुष्काळ पडला. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. मागे राहिली ती लोकांकडून येणे असलेली खते. महिपतींसारखे चरित्रकार सांगतात, की तुकोबांनी त्या कागदांचे दोन वाटे केले. अर्धे धाकटे बंधू कान्होबा यांना दिले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत सोडले.

ही कथा आपण ऐकतो, 'केवढे हे वैराग्य!' म्हणून मान डोलावतो आणि उठतो. पण जरा थांबा. त्या दिवशी एकट्या तुकोबांचीच सुटका झाली काय? ज्यांची नावे त्या कागदांवर होती, त्यांचीही झाली. तुकोबांनी कोणाला बोलावून दान दिले नाही, कोणाला उपकाराखाली वाकविले नाही. नुसता आपला हक्क सोडला. दान घेणाऱ्याची मान खाली जाते. हक्क सोडला म्हणजे दोघांच्याही माना सरळ होतात. आणि भावाचा वाटा मात्र त्यांनी बुडविला नाही, बरे का! त्याग करावा तो आपल्या पदरचा, दुसऱ्याच्या पदरचा नव्हे.

याच पुणे जिल्ह्यात पुढे आणखी खते बाहेर निघाली. १२ मे १८७५, सुपे गाव, बाजाराचा दिवस. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच उतरला होता, सरकारने शेतसारा वाढविला होता, शेतकरी कर्जात गळ्यापर्यंत रुतला होता. लोकांनी सावकारांची घरेदुकाने फोडली, वह्या आणि खते बाहेर काढून त्यांची होळी केली. पुणे-नगर भागात हे लोण पसरले. सरकारला चौकशी करावी लागली, १८७९ साली कायदा करावा लागला. जे खत धनको आपल्या हाताने पाण्यात सोडीत नाही, ते एक दिवस देणेकरी आगीत घालतो. पाण्याने दोघेही निवतात; आगीची धग दोघांनाही लागते.

आता सावकारी उरली नाही म्हणाल, तर तसे नाही. २०१४ सालचा सावकारी नियमनाचा कायदा आहे, परवान्यावाचून सावकारी करणे गुन्हा आहे. पण नाव बदलून खत येतेच. बीडकडची ऊसतोडीची जोडपी, नवराबायको मिळून 'एक कोयता' अशी ज्यांची मोजदाद होते, ती मुकादमाची उचल घेऊन कारखान्याकडे निघतात. हंगामात उचल फिटली नाही, तर बाकी पुढल्या हंगामाच्या मानेवर. म्हणजे अजून न उगवलेला ऊसही त्यांनी आधीच तोडून दिलेला!

कोणी म्हणेल, 'महाराज, सगळ्यांनीच खते बुडविली तर व्यवहार कसा चालावा?' शंका रास्त आहे. तुकोबांएवढे आपल्याने व्हावयाचे नाही. पण थोडे होईल की नाही? आपल्या जुन्या शास्त्रातच दामदुपटीची मर्यादा आहे: थकलेले व्याज मुद्दलावर चढू नये. तेव्हा एकादशीला पोटाला उपास असतो, त्या दिवशी आपली वही उघडावी. ज्याच्याकडून मुद्दल आणि तेवढेच व्याज पोहोचले, त्याच्या नावापुढे 'फिटले' असे लिहून टाकावे. दुष्काळाच्या वर्षी व्याज लावू नये. मजुराची मजुरी दिवस मावळण्याआधी त्याच्या हातावर ठेवावी. अन्नदानाची पंगत जरूर घालावी, परंतु आधी घरच्या गड्याचे थकलेले देणे द्यावे. नाहीतर पंगतीतला लाडू त्याच्याच घामाचा, आणि पुण्य मात्र आपल्या नावावर!

पुढल्या आषाढीला जो तुमच्या पायावर डोके ठेवील, तो वारकरी म्हणून वाकला की देणेकरी म्हणून, हे त्याला पक्के ठाऊक असते. आणि विटेवरच्यालाही. रामकृष्णहरि.