कान्होबाच्या वाट्याचे कागद

माझ्या भाचीला बी.एस्सी. नर्सिंगसाठी जे खासगी कॉलेज मिळतंय, त्याची फी वर्षाला एक लाख दहा हजार. होस्टेल, मेस, युनिफॉर्म, पुस्तकं धरून आणखी साठ. अशी चार वर्षं. सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं, तर शिकत असतानाचं व्याज मुदलात चढून दहा टक्क्यांनी सात वर्षं महिन्याला बारा हजारांच्या पुढे हप्ता बसतो. आणि आमच्या तालुक्यातली खासगी हॉस्पिटलं नव्या मुलीच्या हातात देतात पंधरा-सोळा हजार. दादाने हे आकडे एकाखाली एक मांडले, तेव्हा आमचे माळकरी आण्णा म्हणाले, "सेवेचा हिशेब करायचा नसतो रे."

मी जिल्हा रुग्णालयातून इनचार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. आण्णांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. बेडसोअर होऊ नये म्हणून रात्रपाळीत दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची असते, त्या वेळी डोक्यात पगार नसतो. पगार घोळत असेल तर हातही तसा लागत नाही, पेशंटला ते लगेच कळतं. म्हणजे काम करताना फळाकडे बघू नये, हे आण्णांचं अगदी खरं. माझा प्रश्न पुढचा आहे. फळाची आशा सोडायची ती कुणी? जो राबतो त्याने स्वतःच्या मनाने, की जो राबवून घेतो त्याने परस्पर?

तुकोबांची गोष्ट आण्णांनीच आम्हाला लहानपणी सांगितली. घरच्या सावकारीची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. पण त्याआधी त्यांचे दोन वाटे केले. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याचे कागद त्याच्या स्वाधीन केले आणि बुडवले ते फक्त आपले. मला या गोष्टीतला कान्होबाचा वाटा फार मोलाचा वाटतो. विरक्ती अंगात एवढी भिनलेली असतानाही भावाच्या संसारातलं आपण सोडायचं नाही, हे तुकोबांनी पाळलं. नर्सच्या बाबतीत आपण नेमकं उलट वागतो. तिच्या वाट्याचे कागद तिच्या वतीने दुसरेच डोहात टाकतात. पेशंटच्या बिलात दर दिवसाचे नर्सिंग चार्जेस लावणारी हॉस्पिटलंही त्यांत असतात, याचा मला संताप येतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस यज्ञाची लक्षणं सांगितली आहेत. त्यांत दक्षिणा न देता केलेला यज्ञही येतो. कर्त्याला फळाची आशा सोडायला सांगणारा तोच ग्रंथ, करवून घेणाऱ्याने द्यायचं ते दिलंच पाहिजे असंही बजावतो. मी अध्याय काढून आण्णांपुढे ठेवला.

आणि पगार घेतल्याने सेवा उणी होते, हे तर मला मुळीच मान्य नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग आठवा. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि मे २०१५ मध्ये गेल्या. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना भरवलं, पुसलं, जपलं. ज्यांनी अरुणाला चालताना-बोलताना कधी पाहिलंही नव्हतं, अशा मुलींनीही ते केलं. महापालिकेने त्यांना तिथून हलवायचा विचार केला, तेव्हा याच नर्सेस आड उभ्या राहिल्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सेवा मनापासून वाखाणली. या सगळ्या महापालिकेच्या पगारी नोकर होत्या. हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्सेसनी संप केला, त्यात अरुणासाठी मागण्या होत्या तशा स्वतःच्या कामाच्या परिस्थितीसाठीही होत्या. दोन्ही एका दमात मागताना त्यांना विसंगती वाटली नाही. मलाही वाटत नाही. नोकरी टिकली, पगार वेळेवर झाला, म्हणून ती माया इतकी वर्षं टिकू शकली. उद्याच्या हप्त्याच्या काळजीने डबल ड्युटी करणाऱ्या मुलीकडून औषधाच्या मात्रेत चूक व्हायची भीती असते, हे मी इनचार्ज म्हणून बोलते.

२०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्राने खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सेसच्या पगाराबाबत समिती नेमली. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला महिना किमान वीस हजार मिळावेत, दोनशेंहून जास्त खाटा असतील तिथे सरकारी नर्सइतके, अशी तिची शिफारस होती. एम्समधल्या नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतनच ४४,९०० पासून सुरू होतं. पदवी तीच, चार वर्षं तीच.

आण्णांनी शेवटी विचारलं, "मग हा पगार गरिबाच्या बिलात चढणार ना?" हा खरा धर्माचा प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर सरकारी रुग्णालयातल्या रिकाम्या जागा भरण्यात आहे. समाजाची ही जबाबदारी बाविशीतल्या कर्जबाजारी पोरीने एकटीने का उचलावी?

भाचीला मी सांगितलं, आधी सीईटीचा जोर लावून अभ्यास कर, सरकारी कॉलेजची जागा मिळते का बघ. नाहीच मिळाली तर कर्ज काढू, माझ्या पेन्शनमधून थोडा भार मी घेईन. नोकरीला जाशील तिथे नेमणूकपत्र माग. रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात ते विचार. आणि बाँडच्या नावाखाली मूळ सर्टिफिकेटं कुणी ठेवून घेऊ लागलं, तर देऊ नकोस, मला फोन कर.