घरातली शाळा

मुलांना घरीच शिकवणाऱ्या आईबाबांच्या दिवसात शाळेची घंटा नसते, त्यामुळे सुटीही नसते. भाकरीचे चार तुकडे करताना लेकीला पाव म्हणजे किती ते उमगतं, आईचा चेहरा उजळतो. दुपारी तीच लेक वही मिटून रुसून बसते. त्यात पाहुण्यांचा प्रश्न : दहावीचं काय? राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून ती परीक्षा देता येते, हे किती वेळा सांगायचं!

असं घरी शिकवणं काही नवं नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी. तेही तीर्थयात्रेच्या पायपिटीत. १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी रमाबाईंना गौरवलं, तेव्हा ते पाहायला लक्ष्मीबाई हयात नव्हत्या. तुमच्या शेजारी मुलांना घरी शिकवणारी अशी आई असेल, तर आज संध्याकाळी तासभर तिच्या मुलांना गोष्टी सांगा. तिला तेवढी उसंत हवी असते.