फोटो पाहिला, की नुसतं ‘छान’ म्हटलं?



रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर एखादा भाचा किंवा पुतणी फोटो टाकते. राजघाटावरची ताप्ती, असीरगडाचा बुरूज, नाहीतर कुंडी भंडाऱ्यातला अंधार आणि वरून उतरणारा उजेड. अर्ध्या मिनिटात खाली अंगठे, जोडलेले हात, ‘मस्त’, ‘खूप छान’ अशी रांग लागते. मध्येच एखादे काका लिहितात, ‘अभ्यास झाला का?’

आता सांगा बरं, यात फोटो पाहिला कोणी?

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय. बोलणं कसं असावं? ऐकणाऱ्याला उद्विग्न न करणारं, खरं, प्रिय आणि हिताचं. हे सगळं एकत्र हवं. नुसतं ‘छान’ प्रिय असतं, पण त्यात हित किती? टोमण्यात कदाचित थोडं खरं असेल, पण तो मन मोडतो. आणि याला तप म्हटलंय, कारण त्याला कष्ट पडतात. अंगठा पाठवायला काहीच कष्ट नाहीत.

यात नुकसान कुणाचं? शिकणाऱ्याचं. बरा फोटो आणि फसलेला फोटो, दोघांना सारखेच अंगठे मिळाले तर त्याला कळणार कसं? हळूहळू तो फोटो टाकणंच बंद करतो. मग आपणच म्हणतो, आजकालच्या मुलांचं मन कशात टिकत नाही!

मग करायचं काय? आधी एक मिनिट फोटो नीट पाहायचा. मग विचारायचं, ‘बेटा, यात तुला काय दाखवायचं होतं?’ हा प्रश्न फार महत्त्वाचा. त्याला अंधारच दाखवायचा असेल, तर ‘काळं आलंय’ हा सल्ला आपल्या मनातल्या फोटोला झाला, त्याच्या फोटोला नाही.

मग जे आवडलं ते नेमकं सांगावं: ‘पाण्यावरची ती सोनेरी रेघ सुरेख पकडलीस.’ आणि सुधारण्यासारखी एकच गोष्ट सांगावी, उद्या त्याला करून बघता येईल अशी. ‘नदी एका बाजूला कललीय, मोबाइल सरळ धर.’ ‘आजीच्या डोक्यातून विजेचा खांब निघाल्यासारखा दिसतो, दोन पावलं बाजूला सरक.’ ‘अंधारात कॅमेऱ्याला उजेड घ्यायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात हात हलतो; कोपर भिंतीला टेकव.’ दहा चुका एकदम सांगितल्या तर एकही सुधारत नाही. कौतुक ग्रुपवर करा, सुधारणा त्याला एकट्याला सांगा.

आणि एक सावधगिरी. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो दबतो, त्यातला बारकावा जातो. ‘धूसर आलाय’ म्हणण्याआधी मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या. दोष त्याच्या हातात आहे की आपल्या पडद्यावर, हे आधी पाहायला नको का?

कुणी म्हणेल, ‘आम्हाला फोटोतलं काय कळतं?’ अहो, कळायला कशाला हवं! आपली नजर कुठे गेली एवढं तर सांगता येतं: ‘माझं लक्ष आधी त्या पिवळ्या पिशवीकडे गेलं, देऊळ नंतर दिसलं.’ हे खरंही आहे, आणि यात आपण मोठे तो लहान असा भावही नाही.

मात्र प्रत्येक फोटो तपासायला टाकलेला नसतो. वडील गेल्यावर मुलाने त्यांचा जुना फोटो टाकला, तर तिथे उजेड-सावली बोलू नये. शंका असेल तर ‘काही सुचवू का?’ एवढं विचारावं. नको म्हणाला तर गप्प राहावं. तेही वाणीचंच तप.

जवळच्या इंदूरचं उदाहरण बघा. लाला दीनदयाळ तिथे बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या कामावर होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी छंद म्हणून कॅमेरा हाती घेतला. सर हेन्री डेली यांनी त्यांना प्रोत्साहन दिलं, महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी आश्रय दिला. १८८२-८३ मध्ये लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर फिरून त्यांनी मध्य भारतातल्या वास्तूंचे फोटो काढले. १८८६ मध्ये ते पुस्तकरूपाने निघाले. पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना राजा ही पदवी दिली. मेहनत त्यांचीच होती. पण एका नोकरदाराचा छंद कुणीतरी थांबून पाहिला, त्याला काम दिलं, हेही तितकंच खरं.

आपल्या घरातल्या मुलाने राजा दीनदयाळ व्हायलाच हवं असं नाही. पण त्याने जे मन लावून पाहिलं, ते आपणही मन लावून पाहावं, एवढा त्याचा हक्क आहे.

तर या आठवड्यात एवढंच करूया. ग्रुपवर पुढचा फोटो आला की अंगठा थोडा थांबवूया. एक मिनिट पाहूया, एक प्रश्न विचारूया, आणि एक खरं, गोड, उपयोगी वाक्य लिहूया.

आपला,
बुऱ्हाणपूरचा एक सेवक